पलीकडच्या वाळूवर

"आहे," काठावरून भूपालअण्णा म्हणाला.

कृष्णेत छातीभर पाण्यात उभा राहून धनपाल मोटारीच्या पाइपात अडकलेली जलपर्णी ओढू लागला. एकानं पाण्यात उतरायचं, दुसऱ्यानं पलीकडच्या वाळूवर पडलेल्या मगरीवर नजर ठेवून "आहे" म्हणत राहायचं, अशी रीत. मगर डोळ्यांपुढं असली की भीती नसते. शेताच्या बांधावरून वाजल्यापासून हे सख्खे भाऊ बोलत नव्हते. मोटार तेवढी सामायिक होती, म्हणून हा एक शब्द उरला होता.

"आहे."

गाळातल्या फाटक्या मासेजाळ्यात धनपालचा पाय गुंतला. तो ओढता ओढता त्याच्या ध्यानात आलं, अण्णाचा आवाज बराच वेळ आलेला नाही. त्यानं मान वळवली. काठ रिकामा होता. पलीकडची वाळूही रिकामी.

आपण गेलो की बांधाचा प्रश्न आपोआप मिटतो, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. पाणी न हलवता अण्णा जवळ आला होता. बुडी मारून त्यानं विळ्यानं जाळं कापलं आणि धनपालला काठाकडं ओढलं. दोघं वर येतात न येतात तोच पाइपापाशी दोन डोळे पाण्यावर आले.

"हाक का मारली न्हाईस, अण्णा?"

"धडपडला असतास. पाणी वाजलं की ती सरळ येती."

अण्णा बराच वेळ विळा पुसत राहिला.

"पाइप अजून मोकळा व्हायचाय," तो म्हणाला. "उद्या मी उतरतो. तू बस बघत."