परत न आलेला आवाज

आमच्या बेटांवर, तारावापासून किरितिमातीपर्यंत, डोळ्याचं माप घ्यावं तर रोटियानंच, असं आमचे डॉक्टर सांगतात. ती रोटिया मी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बधिर करणारा थेंब टाकून मी यंत्राची कांडी बुबुळाला टेकवते. तिच्यातून निघणारा, कानाला न ऐकू येणारा आवाज डोळ्याच्या मागच्या भिंतीवरून परततो आणि पडद्यावर रेघ उठते. त्या मापावरून आत बसवायचं भिंग ठरतं. माझं माप आजवर चुकलेलं नाही.

आज मापासाठी आलेल्या कबुनारे आजोबांच्या डोळ्यात गेलेला आवाज परतलाच नाही. पुन्हा पाठवला. पडदा सपाट.

"थांब की पोरी," ते म्हणाले. जन्मभर त्यांनी ताऱ्यांवरून होड्या हाकल्या होत्या. "या डोळ्यानं फार लांबचं बघितलंय. जाऊन यायला वेळ लागणारच."

"अंदाजानं आकडा मी देत नाही, आजोबा. यंत्र बिघडलं असेल."

यंत्राची खात्री मी रोज सकाळी स्वतःच्या डोळ्यावर करते. तशीच आता केली. माझी रेघ जागच्या जागी उठली; यंत्र ठीक होतं. मी मान ताठ केली.

मग तिच्या मागे, खूप लांब, दुसरी रेघ उठली.

मी कांडी काढून घेतली. रेघ गेली नाही. ती जवळ येत राहिली.

"आला ना तुझा आवाज?" आजोबांनी हळूच विचारलं. "एकटाच आलाय ना?"