खिडकीखालची पाटी

बोईसरच्या छोट्याशा चर्चमध्ये शांतवन पाळकांनी आंधळ्याला दृष्टी देणाऱ्या येशूवर रंगून उपदेश केला. मग समाधानानं समोर नजर फिरवून म्हणाले, "वा, आज सगळे हजर!"

"नाय ओ," जन्मापासून आंधळा असलेला गोमाआजा म्हणाला. "एक बाय गेले चार रविवार खिडकीखाली बसून ऐकते. बोंबलाचा वास येतो ना!"

पाळक तसेच बाहेर धावले. नवापूरची हिरूबाय बोंबलांची पाटी उचलून निघालीच होती.

"आत कशी येऊ? अंगाला मासळीचा वास हाय."

"अगं बाय, येशूचे पहिले सोबती मासे धरणारेच होते!"

पाळक पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन आत आले. पांढऱ्या झग्यावर पाणी ठिबकत होतं. गोमाआजानं खोल श्वास घेतला आणि खुदकन हसला.

"आता म्हना, सगळे हजर!"