पहिला कार्यक्रम

बारामतीच्या ऑर्केस्ट्रात बुद्धघोष ड्रमसेट शिकायला लागला, तेव्हा उस्तादांनी बजावलं, "ड्रमचे समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळ, म्हंजी आवाज सगळीकडं सारखा येतो. आन् काठ्या घट्ट धरू नको."

त्र्याण्णव साली त्याचा पहिला कार्यक्रम त्याच्याच गावात, शेळगावला ठरला. ऊसवाल्या रामहरीरावांच्या मुलीचं लग्न होतं. बुद्धघोषनं आजोबांना, अप्पांना, हट्टानं पुढच्या खुर्चीत बसवलं आणि असं वाजवलं, की वऱ्हाड जेवायचं विसरलं. अप्पा शेजारच्यांना सांगत होते, "आमचा नातू हाय."

टाळ्या थांबल्यावर तो खाली उतरला. रामहरीराव अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते,


"अप्पा, छप्पन साली बौद्ध झालास तवा तू गावकीची हलगी हिरीत टाकलीस. नातवानं काढली बघ वर."