कानांच्या बाहेर किती

तरुणपणी शिकारी असलेल्या प्रतापरावांनी एका कीर्तनात हरिणीचं आख्यान ऐकलं आणि बंदूक खाली ठेवली, ती कायमची. आता म्हातारपणी, परदेशात बिशानला मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, त्यांची दृष्टी गेली आणि तिच्यामागोमाग अन्नावरची वासनाही.

मग अरुणाबाई रोज दिवेलागणीला पांडुरंगाची क्षमा मागून नवऱ्याशी खोटं बोलू लागल्या. "अहो, खाली झाडीत सांबर आलंय."

त्यांचा चेहरा उजळायचा. "शिंगांना भुलू नकोस. आधी कान बघ. कान वीतभर धर आणि त्या मापानं सांग, शिंगं कानांच्या बाहेर किती?"

"चार बोटं."

"पोरगेलं आहे अजून," म्हणत ते मऊ भाताचा घास घेत.

घास वाढावेत म्हणून अरुणाबाई रोज शिंगं थोडी वाढवत गेल्या. आज ताटली घेऊन बसता बसता म्हणाल्या, "दोन्हीकडे चांगली वीत वीत बाहेर आहेत."

"असणारच. पण खाली कुठं? ते तर माझ्यापुढं उभं आहे."

प्रतापरावांनी हात उचलला. रिकाम्या हवेत बोटं एका जागी थांबली. तिथून त्यांनी बाहेरच्या बाजूला वीत टाकली.

"बरोबर सांगितलंस," ते म्हणाले, आणि तोच हात हवेत हळूहळू काहीतरी कुरवाळू लागला. "भुकेलं आहे गं. त्यालाही एक घास दे."

त्यांचं मन मोडवेना, म्हणून अरुणाबाईंनी भात ठेवलेला तळहात पुढं केला.

तळहातावर ऊन ऊन श्वास आला, आणि भात उचलला गेला.