पाचवा चेंडू

पाचवा चेंडू पार झाला आणि मुलीनं हातातली दोराची मूठ सोडून दिली. घसरली नाही, पडली नाही. सरळ सोडून दिली. रिकामा दोर पाण्यावर उड्या मारत बोटीमागं येऊ लागला.

"पडली का?" स्टिअरिंगवरच्या बापानं समोर बघतच विचारलं. बोट चालवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. त्यासाठी त्याची धाकटी बहीण मागं तोंड करून बसली होती.

"पडली नाही," आत्या म्हणाली. "चिडलीय."

बोट संथ वळण घेऊन तिच्याजवळ आली. मुलगी गळ्यापर्यंत पाण्यात तरंगत होती. एकाच स्कीत, पाण्यावर घसरायच्या लांब फळीत, दोन्ही पावलं एकामागे एक अडकवलेली, ओले केस तोंडावर, आणि नजर थेट बापावर.

"बाबा, तुम्ही बोट माझ्याकडे सरकवलीत."

"छे गं. वाऱ्यानं सरकली असेल."

"वारा कुठाय? काठावरचं पानसुद्धा हलत नाहीये."

"असेल वीतभर," बाप पुटपुटला.

"वीतभरच होती. पण तो चेंडू मी घेतला नाही, तुम्ही मला आयता आणून दिलात."

खोटं बोलायचं तरी कुणाशी? पाण्यात सहा लाल चेंडू, तीन या अंगाला, तीन त्या अंगाला. त्यांच्या मधून बोटीनं सरळ जायचं आणि मागं दोराला धरलेल्या मुलीनं नागमोडी वळत एकेक चेंडू बाहेरून घ्यायचा. वेग बोटीतलं यंत्र सांभाळतं. चालकाकडे एकच काम उरतं, रेघ सोडायची नाही. बोट चेंडूच्या बाजूला झुकली की दोर तेवढा पुढं पोचतो आणि वळणं सोपं होतं. वीस वर्षं बोट चालवणाऱ्याला हे सांगायला नको होतं. पण गेल्या वर्षी याच पाचव्या चेंडूवर मुलीचा गुडघा निखळला होता, तेव्हाही स्टिअरिंगवर तोच होता. आज तो चेंडू जवळ आला तेव्हा हातांनी डोक्याला विचारलंच नाही.

"आज मला दोराच्या पिवळ्या खुणेवर सहाच्या सहा हवेत," मुलगी म्हणाली. "नाहीतर अर्ज भरायचा नाही. आणि पुन्हा असं केलंत तर मी दुसऱ्या कुणाला तरी बोट चालवायला सांगेन."

ओरडून म्हणाली असती तर त्यानं मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे म्हणाली. स्पर्धेचा कोरा अर्ज आत्याच्या सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि मुदत दुपारी बारापर्यंतच होती.

आत्यानं दोर ओढून घेतला, तो बोटीतल्या खांबाला पिवळ्या खुणेवरच नीट अडकलाय ना ते पाहिलं. त्याच्या पुढची खूण हिरवी. हिरव्यावर दोर आणखी आखूड होतो, मग चेंडूपर्यंत पोचायला अंग पार पाण्यावर झोकून द्यावं लागतं. गुडघा गेल्यापासून हिरव्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मला सायकल शिकवताना तू आठ दिवस कॅरिअर सोडलं नव्हतंस. आठवतंय?"

"तू पडली नाहीस ना पण?"

"पडले नाही. आणि सायकलही आली नाही. आज पन्नाशीला रिक्षाला हात करत उभी असते."

बापाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यानं समोरचा आरसा धरला आणि वर, आभाळाकडे वळवून टाकला. आता त्यात मुलगी दिसत नव्हती, नुसता एक पांढरा ढग दिसत होता.

"मागं बघायला मी आहे," आत्या म्हणाली.

दोर ताणला गेला. मुलगी पाण्यातून वर आली. बोटीनं वेग धरला आणि सुरुवातीला दाराच्या खुणेसाठी ठेवलेल्या दोन वेगळ्या चेंडूंमधून आत शिरली.

आता तिचं सगळं काही त्याला स्टिअरिंगमधूनच कळणार होतं. वळून ती दोर खेचते, तशी बोट तिच्या अंगाला ओढली जाते; हात घट्ट ठेवून बोट रेघेवर धरायची. एक. दोन. तीन. चारला ओढ जरा उशिरा आली. आता पाचवा. उजवा हात आपणहून वळू पाहत होता. बापानं दात आवळले, कोपर बरगडीला दाबून धरलं आणि बोट सरळ ठेवली.

वळताना दोर क्षणभर सैल पडतो. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, मागं दोराला कुणीच नसल्यासारखं. गेल्या वर्षी ते असंच हलकं झालं होतं, आणि तसंच राहिलं होतं. आत्या आता ओरडेल, पडली म्हणून ओरडेल.

आत्या ओरडली नाही. स्टिअरिंगला असा दणकून हिसका बसला की त्याचे खांदे हलले. मग सहावा. मग बाहेरचं दार.

त्यानं बोट थांबवली तेव्हा कुठं मागं पाहिलं. आत्या एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं पिशवीत पेन शोधत होती. लांब पाण्यात मुलगी पाठीवर पडून धापा टाकत होती. बोट जवळ गेली तरी तिनं त्याला शाबासकी दिली नाही की आभारही मानले नाहीत.

"बाबा," दम खात ती म्हणाली, "हिरवा लावा."

आत्या उठू लागली. बापानं तिला हातानं बसवलं. स्वतः मागं आला, पिवळा काढला, हिरवा अडकवला, दोनदा ओढून पाहिला. मग आरसा आभाळाकडे होता तसाच ठेवून स्टिअरिंगवर जाऊन बसला.