पडताळणीचा फोन

“पदवीच्या कागदावर सही करण्याआधी त्या विद्यापीठाला फोन लावायचा, इमोजीन. माणसाच्या तोंडाकडे बघून सही करायची नाही.” निवृत्त होताना आधीच्या रजिस्ट्रार मिस अल्थियांनी आपल्या जागी येणाऱ्या तिला बायबलवर हात ठेवायला लावून हा शब्द घेतला होता.

आज अलाबामातल्या त्या छोट्याशा नर्सिंग कॉलेजात मान्यता समिती येऊन बसली होती. औषधाची मात्रा शिकवायला नेमलेल्या डॉ. प्रॉक्टरची फाइल मात्र इमोजीनच्या सहीवाचून अडली होती, कारण त्याच्या विद्यापीठाचं नाव मान्यतेच्या यादीत कुठेच नव्हतं.

“बावीस वर्षं शिक्के मारतेयस, आता डॉक्टरांची परीक्षा घेणार होय?” डीन व्हिटकॉम्ब खेकसले. “दहा मिनिटांत सही कर, नाहीतर सामान भर आणि घरी बसून मक्याचा पाव भाज!”

“एक फोन लावते, सर,” ती हळूच म्हणाली.

“लाव बाई, लाव! होऊ दे तुझ्या मनाचं समाधान,” म्हणत ते शेजारच्या आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तिने पदवीवरचा नंबर फिरवला. पलीकडून गोड, अदबशीर आवाज आला, “हो तर, प्रॉक्टर आमच्याच विद्यापीठाचे. फार हुशार विद्यार्थी!”

एका कानाने ती हे फोनमधून ऐकत होती आणि दुसऱ्या कानाने भिंतीपलीकडून.


“आभारी आहे, डीनसाहेब,” असं फोनमध्ये म्हणून तिने तो खाली ठेवला, आणि फाइल छातीशी धरून ती समितीच्या दालनाकडे निघाली.