दुसरी गोळी

हृदय थकल्यामुळे मार्तंडरावांच्या अंगात पाणी साचले होते. आडवे झाले की दम कोंडायचा, म्हणून कित्येक महिने ते खुर्चीत बसूनच झोपत. लघवीच्या गोळीने सूज हटेना, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या जोडीला आणखी एक दिली.

"पहिली गोळी जे मीठपाणी बाहेर काढते, ते मूत्रपिंडाचाच पुढचा भाग परत ओढून घेतो. ही दुसरी तिथं आडवी येईल."

त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, ते पटले नाही. एकाच कामाच्या दोन गोळ्या दिल्या तर माणसातला जीवच वाहून जायचा! तरी भीतभीत त्या रोज दोन्ही देत राहिल्या.

एका दुपारी त्या गांधीबागेच्या बाजारातून परतल्या, तर खुर्ची रिकामी. मार्तंडराव खाली चटईवर सरळ उताणे पडलेले.

"मीच देल्ली वं ती दुसरी गोळी!" त्यांनी हंबरडा फोडला. शेजारची तारा धावत आली आणि तीही रडू लागली.

मार्तंडरावांनी एक डोळा उघडला. "काहून बोंबलून राहिली वं? आज कुठं पाठ टेकली, तं झोपू दे ना." आणि ते कुशीवर वळले.

प्रेमिलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि तारावर डाफरल्या, "तू कायले गळा काढते वं? माणूस झोपला आहे न घरात!"